कळसची मादी, कऱ्हाटीचा नर

वालचंदनगरहून बारामतीला जाणाऱ्या एसटीत किडींवर संशोधन करणारी एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर पेटी, पेटीत बोटाएवढ्या काचनळ्या. प्रत्येक नळीत चवळीचा एकच दाणा आणि त्यातून बाहेर पडलेला एकटा भुंगा. जोडीची भेट तिनं ठरवल्याशिवाय होऊ नये, म्हणून हा बंदोबस्त. कळस गावच्या चवळीतली मादी आणि कऱ्हाटी गावच्या चवळीतला नर एकत्र आणले, तर अंडी किती होतात, पिल्लं कशी वाढतात, हे तिला बघायचं होतं.

"किड्यांच्या सोयरिकी जुळवती व्हय गं?" वाटेत कळसला चढून पुढच्या सीटवर बसलेल्या आजींनी विचारलं.

"व्हय आजी. वंश कसा वाढतो ते कळल्याबिगर थांबवायचा कसा?"

तेवढ्यात उसाच्या ट्रॉलीमागं ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. पेटी पडली, कापसाचे बोळे सुटले, भुंगे पसरले. कुणाच्या पिशवीतल्या धान्यात शिरू नयेत म्हणून गुडघ्यांवर बसून ती एकेक टिपू लागली.

"नर-मादी ओळखू येतात ना? भरा की परत," मी म्हणालो. "कुणाला कळतंय?"

"ओळखू येतात. पण मादीला आता कुठला नर भेटला, ते न्हाय सांगता यायचं."

तिनं सगळे एकाच बाटलीत कोंबून झाकण घट्ट लावलं. केलेलं सगळं पाण्यात गेलं होतं. मग ती पुढं वाकली.

"आजी, घरात अजून किडकी चवळी हाय का?"

इतक्या आशेनं किडकी चवळी त्यांच्याकडं आजवर कुणी मागितली नसावी.

"हाय की, डबाभर!" म्हणत आजी तिला कळसला घरी न्यायला उठल्या आणि बारामतीचं तिकीट हातात असताना त्यांनी कंडक्टरला गाडी थांबवायची बेल मारायला लावली.