शेड-दोनमधून कोण लिहीत होतं?

पत्र आलं सोमवारी सकाळी. बागेतले झोपाळे, घसरगुंड्या, चढायच्या जाळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात गेली अकरा वर्षं प्रत्येक कामाची नोंद ज्या ऑनलाइन सेवेत होत होती, ती सेवा नव्वद दिवसांनी निवृत्त होणार होती. पत्रात शब्दही तोच होता, 'निवृत्त'.

"चला, म्हणजे नारळ आणि शाल आपल्याकडून," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. लागल्या नाहीत त्या फक्त ताई. ताई म्हणजे कामांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या. तोंडावर सगळे ताई म्हणत, पाठीमागे 'चौकशी खिडकी'. हे टोपणनाव त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती. जिन्यात नवा माणूस दिसला तर तो कोण, कुणाकडे आलाय आणि त्याच्या पिशवीत काय आहे, हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यामुळे जुनं सगळं सामान नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायचं काम साहेबांनी त्यांच्याच गळ्यात घातलं, ते काही चुकीचं नव्हतं.

घरी सासूबाईंना त्यांनी सांगितलं, "आमचं सगळं क्लाउडवर होतं ना, ते आता बंद होतंय."

"क्लाउड म्हणजे ढगच ना?" जन्मभर शिवणकाम केलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मग तो आज ना उद्या जाणारच होता. ठेवलंत कशाला तिथे?"

सॉफ्टवेअर बसवायला एक सल्लागार आला होता. पन्नाशीचा, शांत, खिशात दोन चष्मे. पंधरा दिवसांनी त्याने जुन्या नोंदी आधी नुसत्या चाचणीपुरत्या नव्या जागी भरल्या. ताईंनी स्क्रीनवर त्या उघडल्या आणि चक्रावल्याच. अठरा हजार नोंदी, आणि प्रत्येकीखाली त्यांचंच नाव! वेल्डिंग तपासलं ताईंनी. रंगाचा दुसरा हात दिला ताईंनी. एवढंच नव्हे, तर 'ताई सारखं विचारत बसतात, उत्तर कुणी द्यायचं?' हेही ताईंनीच लिहिलेलं.

"हे कुणी लिहिलं असेल ते मला अक्षर न बघताही कळतंय," ताई हसत म्हणाल्या.

सल्लागाराने समजावलं, "मी तुमच्या खात्यातून भरलं आणि जुनी खाती नव्या खात्यांशी जोडलेली नाहीत, म्हणून सगळं तुमच्या नावावर पडलं. कुठलं खातं कुणाचं, ती यादी द्या. म्हणजे ज्याचं लिखाण त्याच्या नावावर जाईल. नव्यात सगळं नावानिशी असतं. बेनामी काही नाही."

यादी दोन दिवसांत झाली. सोडून गेलेल्यांचीही नावं जुळली. घोडं पेंड खात होतं ते एकाच खात्यापाशी. माल चढवायच्या शेडमध्ये भिंतीला एक टॅब्लेट अडकवलेला होता. 'शेड-दोन' या खात्यावर तो कायम उघडा असे. हमाल, रंगारी, फिटर, कुणीही येता-जाता 'माल निघाला' असं त्यावर टिपून जाई. पण त्या 'माल निघाला'च्या मधे मधे दोनशे बारा नोंदी निराळ्याच होत्या.

'घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला आहे. चारनंतर पत्रा तापतो. मुलं हाताने चाचपून परत जातात.'

'छोट्या घराच्या छपरावर तीन चेंडू आणि एक चप्पल. छप्पर सपाट नको, उतरतं करा.'

'दोन झोपाळ्यांच्या मधे बोलायला मुली उभ्या राहतात. लागेल कुणाला तरी. शेजारी बाक द्या.'

ताई जेवणाची सुट्टी विसरून वाचत राहिल्या. मग त्यांनी डिझायनर बाईंना गाठलं.

"तुम्ही लिहिता हे?"

"छे हो! मला वाटायचं तुम्हीच लिहिता," डिझायनर म्हणाली. "छपरं उतरती केली ती ह्या नोंदीमुळेच. नवीन काम हातात घेतलं की मी आधी शेड-दोन काय म्हणतंय ते बघते."

रंगारी म्हणाला, मी नाही. फिटर म्हणाला, माझं शुद्धलेखन इतकं बरं असतं तर मी इथे असतो का? आठवडा गेला तरी छडा लागेना. शेवटी ताईंनी पंधरा-वीस नोंदी कागदावर छापून घरी नेल्या आणि सासूबाईंना वाचून दाखवल्या.

सासूबाईंनी हातातली सुई थांबवली. "छपरावरची चप्पल ह्याला दिसली कशी?"

"म्हणजे?"

"अगं, खाली उभ्या माणसाला छपरावरचं दिसत नाही. आणि हे बघ, कुठे तरी भांग म्हणालीस ना तू? 'तिरपा भांग पाडलेली मुलगी रोज येते.' भांग वरून दिसतो. हा माणूस उंच बसलेला आहे."

ताई एकदम ताठ बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदींच्या तारखा आणि माल पोचवल्याच्या तारखा शेजारी शेजारी लावल्या. बाग उभी राहिली की तीन-चार आठवड्यांनी नोंद. आणि त्याच दिवशी, त्याच रस्त्याने, पुढच्या कुठल्या तरी बागेचा माल गेलेला. ट्रक एकच. ट्रकवाले काकाही एकच.

काकांना सगळे 'हं काका' म्हणत. काहीही विचारा, उत्तर 'हं'. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून सलग दोन वाक्यं ऐकल्याचं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. ताईंना एवढं मात्र पक्कं माहीत होतं, की काका परतायला नेहमी उशीर करतात आणि त्याबद्दल साहेबांनी त्यांना दोनदा फैलावर घेतलं होतं.

काका चाकाची हवा बघत होते. ताईंनी कागद पुढे धरला. काकांचा चेहरा उतरला.

"तक्रार आली का?"

"तक्रार कसली! काका, हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी कापडाला हात पुसले. मग म्हणाले, "पहिल्यांदा एका बागेपाशी सहज थांबलो. बघतो तर मुलं घसरगुंडीवर उलटीच चढतायत. पायऱ्यांतलं अंतर मोठं, पाय पोचत नाहीत. येऊन तेव्हाच्या सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, तू गाडी चालव. मग म्हटलं, हा टॅब्लेट आहे. लिहून टाकलं. दोन महिन्यांनी माल उचलला तर पायऱ्या जवळ आलेल्या!" ते पहिल्यांदाच हसले. "माणसाला सांगायला गेलं की आधी विचारतो, तू कोण? हे यंत्र विचारत नव्हतं."

ताईंनी कागद मागे घेतला. नवं यंत्र नेमकं तेच विचारणार होतं. आपल्या चौकशीच्या नादात आपण एका माणसाचं बोलणंच बंद पाडतोय की काय, असं त्यांना वाटून गेलं.

"तुमची इच्छा नसेल तर मी कुणाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या नोंदी मग कुणाच्याच राहणार नाहीत. आणि पुढचं लिहायला शेड-दोनही नाही."

"मला चार दिवस द्या," काका म्हणाले.

जुनी सेवा बंद व्हायला तेव्हा बारा दिवस उरले होते. चार झाले, सहा झाले. विचारायला तर जीभ वळवळत होती, पण ताईंनी ती आवरली. हे त्यांना जन्मात पहिल्यांदा जमलं असावं. सातव्या दिवशी काका स्वतःच वर आले, टेबलाशी उभे राहिले.

"बायकोला सांगितलं सगळं. ती म्हणते, इतकी वर्षं उशिराचं खरं कारण मलासुद्धा सांगितलं नाहीत, निदान तिथे तरी लागू दे नाव." मग यादीकडे बोट करून म्हणाले, "लावा."

यादीतली शेवटची रिकामी जागा भरली गेली. सल्लागाराने नोंदी पुन्हा भरल्या. ताईंनी 'माल निघाला'वाल्या नोंदी वेगळ्या काढून दिल्या होत्या, त्यामुळे दोनशे बारा नोंदी अचूक काकांच्या नावावर उतरल्या. साहेबांनी त्या दुपारी दार लावून वाचल्या. मग बाहेर आले. काकांना हाताने बोलावून एवढंच विचारलं, "एका बागेला किती वेळ लागतो बघायला?"

"अर्धा तास तरी हवा."

"ताई, प्रत्येक फेरीत अर्धा तास धरा."

काकांच्या 'हं'मध्ये काही फरक पडला नाही. बैठकीला बोलावलं तर ते अजूनही येत नाहीत. डिझायनर बाईच चहाचा पेला घेऊन शेडमध्ये जाते.

ताईंना मात्र चैन पडेना. अर्धा तास हा माणूस बघतो तरी काय? एका शुक्रवारी त्या सरळ ट्रकमध्ये चढून बसल्या. काकांनी एका बागेच्या कुंपणाशी गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. दहा मिनिटं ताईंना नुसती मुलं दिसली. धावणारी, पडणारी. मग काकांनी बोट दाखवलं. एक लहान मुलगी झोपाळ्याच्या लोखंडी खांबाला कान लावून उभी होती. झोपाळा रिकामा होता, तरी ती हसत होती.

"काय करतेय ती?"

"कळलं नाही. गेल्या खेपेलाही होती."

दोघं खाली उतरली. मुलगी पळाली. ताईंनी इकडे तिकडे बघितलं, पदर खोचला आणि खांबाला कान लावला. आतून घुमणारा आवाज आला, "मी चोर आहे, तू पोलीस!" दचकून त्यांनी मान वर केली. चौकटीच्या पलीकडच्या टोकाला, दुसऱ्या खांबाच्या फटीला तोंड लावून एक मुलगा वाकलेला होता.

काकांनीही कान लावून बघितला. मग खिशातून फोन काढून नवं सॉफ्टवेअर उघडलं आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं: 'चौकट पोकळ आहे. मुलं त्यातून बोलतात. फट बुजवू नये.'