मुठीच्या बुडाची कडी

कमरेचा पट्टा उतरवून बरीच वर्षे झाली, पण ती घटना आठवली की हात अजूनही नकळत उजव्या कमरेकडे जातो. नोकरीत दंगली पाहिल्या, खून पाहिले. पण खरी भीती वाटली ती किनवट तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख असताना, आणि तीही आमच्याच पिस्तुलाची.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होते. रायफली, पिस्तुले पुसायची, तेल द्यायचे, सतरंजीवर मांडायची, वर झेंडूचा हार आणि हळद-कुंकू. त्या वर्षी आमच्या फौजदाराच्या पांढऱ्या दोरीवर कुंकू सांडले. या दोरीचे एक टोक खांद्याला असते आणि दुसरे पिस्तुलाच्या मुठीच्या बुडाशी असलेल्या कडीत अडकवतात. पिस्तूल सुटले तरी माणसापासून दूर जाऊ नये, एवढेच तिचे काम. ती दोरी धुऊन ठाण्यामागच्या तारेवर वाळत टाकली गेली.

फौजदार तरुण, हुशार आणि भलताच हौशी. पिस्तूल ठेवायचे सरकारी होल्स्टर त्याला जुनाट वाटे, कारण त्याला झाकण होते, बटण होते. त्याने नांदेडहून नवे आणले होते. काळे, चकचकीत, वरून उघडे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ते आमच्या पिस्तुलाच्या मापाचे नव्हतेच. मला ते दिसले होते.

"नीट बसतं ना रे त्यात?" मी विचारले.

"एकदम फिट, सर."

मी मान डोलावली. खरे तर तिथल्या तिथे काढायला लावायला हवे होते. रायफलीचा पट्टा असो की काडतुसांची पिशवी, जी वस्तू हत्यार धरून ठेवते ती दिसायला कशी आहे हे बघायचे नसते, ती ओढून बघायची असते. हे मी भरतीच्या पोरांना शिकवत असे, आणि त्या दिवशी स्वतःच गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ठाण्याची गाडी बंदोबस्ताला गेलेली. एका गावात पंचनामा होता म्हणून फौजदार काळीपिवळी जीपमध्ये बसून निघाला. दोरी अजून तारेवरच होती. जीपमध्ये तिघांच्या जागी पाच जण कोंबलेले. गावात उतरून जीप निघून गेल्यावर त्याचा हात कमरेला गेला आणि त्याने मला फोन लावला.

"सर, पिस्तूल नाही."

माझी पाचावर धारण बसली. आत दहा राउंड भरलेले होते. स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना कळवले, नाकाबंदी लावली. अंमलदारांनी सगळा रस्ता पायी तुडवला. एकीकडे जंगल, दुसरीकडे आश्रमशाळा. फोन वाजला की वाटायचे, आता पलीकडून कुणीतरी सांगणार, पोरं खेळत होती आणि आवाज झाला. फौजदार माझ्यासमोर बसून होता. त्याची नोकरी पणाला लागली होती हे खरे, पण त्या वेळी आम्हा दोघांच्याही मनात नोकरी नव्हती.

जीपवाल्याला बोलावून दोन तास प्रश्न केले. त्याने सीटखालची चटई उचलून दाखवली. काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो आपणहून आला आणि दाराशीच घुटमळला.

"सायब, एक सांगू का? आश्रमशाळेत सैपाक करते ती बाई काल फौजदार सायबाच्या बाजूलाच बसून व्हती. रोज उतरताना लई बोलते. काल तोंडातून शबुद न्हाई. भाजीचं गठुडं टपावरच इसरून गेली."

रोज भाजी नेणारी बाई भाजीच विसरते, ही साधी गोष्ट नव्हे. आम्ही तडक निघालो.

बाई पन्नाशीची, अंगाने किडकिडीत. मी आवाज चढवून विचारले आणि तिथेच चुकलो.

"न्हाई सायब, म्या काईच पाह्यलं न्हाई," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. स्वयंपाकघराच्या दारातून मात्र ती हलेना.

बाहेर ओसरीवर मुलांची पंगत बसली होती. भिंतीवरच्या फळ्यावर लिहिले होते, वरण-भात. ताटात मात्र भाकरी होती. मी मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, "काल रात्रीपासून भाकरीच आहे. बाई म्हणतात, तांदळात किडे झालेत. कोठीला कुणाला हातही लावू देत नाहीत."

घोडे कुठे पेंड खाते ते कळले. मी टोपी काढली, चुलीजवळच्या पाटावर बसलो आणि आवाज खाली आणला.

"मावशी, बाहेर दोनशे लेकरं जेवतायत. मला त्यांची भीती वाटतेय."

तिने पदर डोळ्यांना लावला. "मला न्हाई वाटत व्हय? फौजदार सायब उतरल्यावर शीटावर पडलेली दिसली, लेकरांच्या हाती लागू नाई म्हून पदराखाली घेतली. रातभर कोठीला पाठ लावून बसले सायब."

"मग ठाण्यात का नाही आलात?"

"माझ्या भावाला एकदा रस्त्यावर फटफटी सापडली. इमानानं ठाण्यात न्हेऊन दिली. त्यायनं दोन दिवस बसवून ठेवलं, चोर म्हणून. मी तर बंदूक घिऊन येणार व्हते!"

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पिणार. मला लाज वाटली.

तिने पत्र्याच्या कोठीचे झाकण उघडले. आत तांदळावर फडक्यात गुंडाळलेले पिस्तूल होते. मुठीच्या कडीतून सुताची दोरी ओवलेली, आणि दोरीचे दुसरे टोक कोठीच्या कानाला तीन गाठी मारून पक्के बांधलेले. सोडवताना फौजदाराची बोटे दुखली. त्याने मॅगझिन काढून राउंड मोजले. दहाच्या दहा.

पंचनामा आणि तिचा जबाब आम्ही तिथेच, चुलीपाशी लिहिला. तिला ठाण्याची पायरी चढू दिली नाही. मुख्याध्यापकांनाही तसे सांगितले आणि वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात तिने हत्यार जपल्याचे मी स्पष्ट लिहिले. पुढे फौजदाराची खातेनिहाय चौकशी झाली, आणि मी होल्स्टर पाहूनही गप्प बसलो हेही मी माझ्या जबाबात लिहिले. ठपका दोघांवर आला. तो योग्यच होता.

त्या दिवशी शाळेतून निघताना मी तिला विचारले, "मावशी, दोरी बांधायचं कुणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले.

"सांगायचं काय त्यात? कुणी उचलू नाई म्हून बांधली. ती कडी दोरीसाठीच हाय न्हवं, सायब?"

ठाण्यावर परतलो तेव्हा मागच्या तारेवर पांढरी दोरी वाऱ्याने हलत होती. फौजदाराने ती काढून घेतली. कुंकवाचा डाग काही गेलेला नव्हता. डागासकट त्याने ती खांद्याला लावली, आणि या वेळी ती मी स्वतः ओढून पाहिली.