कुठल्या पाण्याची

कोंडाबाई भोईण सुक्या बोंबलाला मासा म्हणतच नसे. उदगीरच्या बाजारात बोंबलाची पोती उतरली की ती पदर नाकाला लावायची. मासेवालीच नाक मुरडते हे पाहून शेजारचे धान्यवाले मन्मथप्पा पोट धरून हसत. ते लिंगायत, मासळीकडे पाठ करूनच बसत.

“कोंडे, तुझा वास मी बारा महिने सोसतो. तुला याचा एक दिवस सोसंना?”

“आप्पा, माझा मासा पाण्यातनं येतो. ह्यो कुठनं येतो, कुणाला ठाव!”

तिच्या घराण्याचा एक रिवाज होता. गिऱ्हाईक आलं की टोपलीतलं पाणी बोटानं डोळ्याला लावायचं, मासा कुठल्या पाण्याचा ते सांगायचं, आणि मगच भाव. खोटं सांगितलं तर डोळे जातात, असं तिला सासूनं सांगितलं होतं आणि तिचा त्यावर पक्का विश्वास होता.

लातूर वेगळा जिल्हा झाला, उस्मानाबादचे हेलपाटे संपले, आणि पुढे लागोपाठ काही वर्षं पावसानं पाठ फिरवली. “जिल्हा जवळ आला अन् पाणी लांब गेलं,” मन्मथप्पा म्हणत. जळकोटकडच्या तिच्या गावचं तळं आटून चिखल झालं. त्या चिखलात म्हशी लोळत आणि म्हशींच्या मधूनच माणसं मांडीपर्यंत रुतून मासे चाचपत. गाळानं कल्ले भरलेले, अर्धे मेलेले, शेणाचा वास मारणारे मासे लोक धोतरात बांधून नेत. कोंडाबाई त्यातला एकही टोपलीत घेत नसे.

चांगलं पाणी एकाच जागी उरलं होतं. बांधाच्या खडकाखाली, बाभळींच्या आड, काळडोहात. तिथं भोई जाळं टाकत नसत. गळाला लागेल तेवढंच घ्यायचं, आणि मरळीची लाल पिलं गोळ्यानं वर आली की तिथं गळही सोडायचा नाही, कारण खाली आईबाप राखणीला असतात. पाऊस आला की तळं पुन्हा भरायचं ते याच बियाण्यावर. भावकीबाहेर डोहाचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

एका बाजारी खातूनबी आली. जुनं गिऱ्हाईक, लेक बाळंतीण झालेली. मरळ उचलून तिनं हुंगली.

“चिखल की तो नहीं ना गे? लेकीला द्यायची हाय.”

“चिखलाची? मी?” कोंडाबाईला ते फार लागलं. तिनं ओलं बोट डोळ्याला लावलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, “काळडोहाची हाय! बांधाच्या खडकाखालची. तळ दिसतो अजून.”

बोंबलाच्या पोत्यापाशी दोघे विडी ओढत उभे होते. एकानं विचारलं, “लई हायत का, मावशी?”

“लाल पिलांचा गोळा वर आलाय. ओंजळीत मावायचा न्हाई!”

बोलून गेली आणि जीभ चावली. पण मरळ विकली गेली होती, आणि गोष्टही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी उजाडताच ती गळ घेऊन डोहावर गेली. पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. नाकात झोंबणारा वास. मोठ्या मरळी पोट वर करून तरंगत होत्या आणि पिलं काठाला ओल्या लाल दोऱ्यासारखी चिकटली होती. बाजारातले ते दोघे पोती भरत होते. त्यांच्या सोबत गुडघाभर पाण्यात तिचा भाचा सिद्धराम.

“काय टाकलंस रे?”

“विहिरीत टाकायची पावडर, आत्या. पाणी साफ करायची. तिनं माणूस मरत न्हाई.”

“डोह दावलास तू?”

“म्या कशाला दावू? तूच सांगितलंस भर बाजारात. मला म्हणले, चल, तू न्हाई आलास तरी आम्ही जाणारच.” त्यानं एक टोपली तिच्यापुढं सरकवली. “घे, तुझा वाटा. धुऊन काढलं की कुणाला कळतंय?”

तिला सिद्धरामची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या तोंडाची. तरीही टोपली तिनं उचलली, कारण घरात चूल पेटायची होती.

बाजारात पहिली आली ती खातूनबीच. “मागची मरळ लई भारी निघाली. ही कौनसे पानी की?”

कोंडाबाईनं टोपलीतल्या पाण्यात बोट बुडवलं. बोट डोळ्यापर्यंत गेलं आणि थांबलं. मन्मथप्पांनी पहिल्यांदाच तोंड इकडं वळवलं.

“घेऊ नकोस,” ती म्हणाली. “इखाच्या पाण्याची हाय. कुणीच घेऊ नका.” टोपली तशीच उचलून तिनं बाजारामागच्या उकिरड्यात उपडी केली आणि हात मातीनं घासत बसली.

पुढं पाऊस आला. तळं भरलं, बांधाला लागलं. भोयांनी हौसेनं जाळं टाकलं, तर वर आले बेडूक आणि शेवाळ.

आता कोंडाबाई त्याच जागी बोंबील घेऊन बसते. पदर नाकाला असतो. खातूनबी सवयीनं विचारते, “कौनसे पानी का?”

“समुद्राचं म्हणतेत,” कोंडाबाई तोंड फिरवून सांगते. “म्या पायलं न्हाई.” हात मांडीवर असतो, डोळ्याला लागत नाही.