आपल्यात नसलेलं रक्त

आमच्या ज्ञानमंडळाचा मला मनापासून राग आहे, हे आधीच सांगून टाकते. बहारीनमधली वीस-पंचवीस मराठी माणसं महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी माहूजमधल्या कुणाच्या तरी फ्लॅटवर जमतात. कोणीतरी भिंतीवर प्रोजेक्टर लावून विज्ञानावर, समाजावर नाहीतर इतिहासावर तासभर बोलतं, मग सगळे साबुदाणावड्यांवर तुटून पडतात. ऐकायला छान वाटतं. पण या शिकल्यासवरलेल्या लोकांना नव्या माणसाबद्दल एकच कुतूहल असतं: आडनाव काय?

माझ्या नवऱ्याच्या आडनावावरून काही कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पुढचा प्रश्न आला, "मूळचे कुठले तुम्ही?" मी म्हणाले, "नागपूरकडचे." नागपूरहून पुढे चार-पाच तास बसने गेलं की गडचिरोलीचं जंगल लागतं. तिथल्या गोंडांच्या गावातली मी. हे मी अकरा वर्षं सांगितलं नाही. घरात बोलतो ती 'मले-तुले'ची बोलीसुद्धा बाहेर दाराशी चपलांबरोबर काढून ठेवायची आणि आत शिरायचं.

मी मनामातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. सिकल सेल म्हणजे काय, हे मला कुणी भिंतीवर दाखवायची गरज नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. आई आणि वडील दोघांकडून तो दोष आला तरच असं होतं. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट असतो, फक्त वाहक असतो. मी वाहक आहे. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीचं रक्त गेल्या वर्षी मीच तपासलं. तीही वाहक निघाली.

बहारीनमध्ये हे घरोघरी माहीत आहे. लग्नाआधी रक्त तपासणं इथे कायद्यानेच सक्तीचं आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरची बहारीनी मैत्रीण हातमोजे चढवता चढवता हिंदीत सांगते, "मैं कैरियर, मेरा आदमी नहीं. खलास!" तिच्या लोकांतला सिकल आणि माझ्या लोकांतला सिकल एकाच प्रकारचा आहे, हे मीच तिला सांगितलं होतं. तेव्हा तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि त्या दिवसापासून ती मला बहीण म्हणते.

मुलीला मात्र मी बजावलं होतं, "मंडळात बोलू नको बरं."

"व्हाय? इट्स नॉट अ क्राइम," ती म्हणाली होती. ती सगळं इंग्रजीतच बोलते.

त्या शुक्रवारी पुण्याच्या एका इंजिनिअरचं भाषण होतं. विषय, रक्ताचा इतिहास. हा गृहस्थ पुलांची कंत्राटं बघतो, पण मोबाइलवर आलेलं काहीही याला शास्त्र वाटतं. भिंतीवर विळ्यासारख्या पेशी उमटल्या आणि तो म्हणाला, "हा आजार इथल्या अरबांमध्ये आहे, आफ्रिकेत आहे आणि आपल्याकडे जंगलातल्या लोकांत. आपल्यात नाही. कारण आपल्या पूर्वजांनी गोत्र पाळून लग्नं केली." माना डोलल्या. समोरच्या बाईने तर ते वहीत उतरवून घेतलं.

माझं डोकं तडकलं. मी म्हणाले, "गोत्राचा काही संबंध नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक मुलं त्यातून जास्त वाचली. म्हणून तिथे हा दोष टिकला." खरं तर आणखी एक उत्तर माझ्या जिभेवर होतं. गोंडांतही कुळात लग्न होत नाही आणि आमचे नियम याच्या आजोबांच्या नियमांपेक्षा तसूभरही ढिले नाहीत. पण ते बोलले असते तर मला ते कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. ते मी गिळलं.

तो हसला. "वहिनी, मलेरिया ठीक आहे. पण तुम्ही लॅबमध्ये एवढी वर्षं आहात. आपल्यातला एक तरी पेशंट बघितलात का? हो की नाही, एवढंच सांगा."

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडे बघतेय, हे मला न वळताही कळत होतं.

"नाही," मी म्हणाले.

"बघा! लॅबचीच साक्ष," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. माझ्यासाठी.

मुलगी उभी राहिली. मंडळात तिने आजवर मराठीचा एक शब्द काढला नव्हता. "मले आहे," ती म्हणाली. "आईले पण आहे. तिनंच टेस्ट केली माझी."

कोणीतरी पंखा कमी केला. घरच्या बाई चहाचं बघते म्हणून आत गेल्या. इंजिनिअरने प्रोजेक्टर बंद केला आणि माझ्याकडे वळून अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं विचारलं, "वहिनी, म्हणजे तुम्ही नक्की कुठल्या?"

"गडचिरोलीची. गोंड आहे मी," मी म्हणाले. "आणि तुमचं सगळं भाषण खोटं आहे. माझं उत्तरही खोटं होतं." मग आमच्या कुळांचे नियमही त्याला ऐकवले, सगळे, आवाज चढवून. कोणीही वहीत उतरवून घेतलं नाही. वडे न खाताच आम्ही निघालो.

गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत होती. अदलियाच्या सिग्नलला ती म्हणाली, "यू सेड इट आफ्टर मी."

"हो," मी म्हणाले.

मंडळाचं बोलावणं त्यानंतर आलं नाही. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. इंजिनिअरचा राग आहे, त्या माना डोलवणाऱ्यांचाही आहे, आणि तो मी जपून ठेवणार आहे. पण परवा शाळेतून बायोलॉजीचा प्रोजेक्ट आला. घरातल्या माणसांतले आनुवंशिक गुण लिहायचे होते. मुलीने सिकलच्या रकान्यात आपल्या नावापुढे बरोबरची खूण केली, मग माझ्या नावावर पेन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कॅन आय?"