टायग्रिसकाठचे डोलीवाले आणि प्लेनोतला सत्कार

अटलांटाहून डॅलसचं विमान सुटलं तेव्हा मी अगदी खुशीत होते. माझे पणजोबा, सोमा रामटेके, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर टायग्रिस नदीकाठच्या वाळवंटात गेले होते. इतक्या वर्षांनी त्यांचं नाव कोणीतरी चारचौघांत घेणार होतं, म्हणून मी अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून निघाले होते. डॅलसजवळच्या प्लेनोच्या एका निवृत्त डॉक्टरकाकांना त्या मोहिमेत लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेला इतिहास मिळाला होता. त्यावर त्यांनी मराठी मंडळींचा कार्यक्रम ठरवला होता, आणि ज्यांच्या घरातलं कोणी त्या मोहिमेत होतं त्यांच्याकडून नावं मागवून शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार होता. मी पणजोबांचं नाव कळवलं तेव्हा काका म्हणाले होते, “जरूर ये, आमच्याकडेच उतर.”

विमानतळावर काका स्वतः घ्यायला आले. टायग्रिसचं वर्णन करण्याच्या नादात त्यांनी एक्झिट मिस केला आणि आम्ही करपलेल्या गवताच्या सपाट मुलखातून भलतीकडेच निघालो. घरी काकूंनी गरम थालीपीठ आणि लोणी वाढलं. जेवताना काकांनी विचारलं, “पणजोबा कुठल्या रँकला होते गं?”

“ते डोलीवाले होते,” मी म्हणाले. (डोलीवाला म्हणजे लढाईतून जखमींना उचलून नेणारा.) “हातात बंदूक नाही, आणि जायचं गोळीबारात.”

“अच्छा. म्हणजे फॉलोअर्समध्ये, फौजेमागच्या बिनलढाऊ नोकरांत.” काकांचा आवाज जरा खाली आला. “रामटेके म्हणजे नागपूरकडचे, नाही का?”

हा प्रश्न कशासाठी असतो ते आम्हाला चांगलं कळतं. मी “हो” म्हटलं आणि थालीपीठ संपवलं.

दुपारी ते पुस्तक चाळलं. चिखल, भाजणारं ऊन, माश्या, जखमींनी भरलेल्या होड्या, सगळं साहेबाने झकास लिहिलंय. त्याच्या घोड्याचं नाव आहे, रंग आहे, खोड्या आहेत. घोडा मेला तेव्हा साहेब पानभर रडलाय. पुढे त्याच्याच मांडीत गोळी घुसली. डोलीवाल्यांनी त्याला गोळीबारातून, गुडघाभर चिखलातून नदीपर्यंत नेलं. त्यांच्याबद्दल एकच ओळ, की माणसं नीट वागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी हॉल भरला. काकांनी “आपल्या शूर वीरांच्या” स्लाइड्स दाखवल्या. सुभेदारांच्या पणतू-पणत्यांना एकेक करून शाल आणि नारळ मिळाला, फोटो झाले. माझं नाव आलंच नाही. मी पुढे जाऊन हळूच विचारलं.

“अगं, शेवटी आम्ही फक्त लढणाऱ्यांपुरतंच ठेवलं,” काका कुजबुजले. “कमिटीने डिसाइड केलं. मनाला लावून घेऊ नकोस.”

लावून घेऊ नको तर काय करू? मी टेबलावरचा माइक उचलला आणि साहेबाच्या जखमेचं ते पान मराठीतून सांगितलं. मग म्हणाले, “डोलीवाले नसते तर हा साहेब त्या चिखलातच मेला असता आणि आज हे पुस्तकही नसतं. त्याच नदीकाठी माझे पणजोबा डोली उचलत होते. त्यांचं नाव सोमा रामटेके.”

मागच्या रांगेतून कोणीतरी ठणठणीत आवाजात “जय भीम” म्हणालं. काका घाईघाईने उरलेली शाल घेऊन माझ्याकडे आले. मी हात जोडले आणि जागेवर जाऊन बसले. असा मागून घेतलेला मान मला नको होता.

दुसऱ्या दिवशी परतताना विमानातही राग उतरला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नव्हतं. अल्फारेटाला घराचं दार उघडते तोच काकांचा फोन आला.

“पोचलीस ना नीट? एक बोलू? तू उगीच इश्यू केलास. साहेबाने तरी कुठे नावं दिलीत? मग आमचंच काय चुकलं?”

“साहेबाने नाव विचारलंच नव्हतं, काका,” मी म्हणाले. “तुम्ही विचारलंत, आणि मग गाळलंत.”