बांगडीवाल्या आपाचा आजार

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, त्याची माफी. पण आपाबद्दल लिहायचंच आहे.

नायगावात आमच्या गल्लीत बांगडीवाली आपा शिरली की टोपलीआधी तिचं बोलणं पोचायचं. मला चार बायकांत तोंड उघडायची लाज. आपा मात्र कुणाच्याही ओसरीवर हक्काने बसायची. "हात ढिला सोड गं माय. बांगडी मी घालून राहिले, तू कशाला जोर लावतीस?"

बांगड्या भरल्या की आपाला नमस्कार करायचा आणि चहा पाजायचा, ही रीत. तिला शुगर निघाली तेव्हा तिने साखर नको म्हणून सांगितलं. मग घरोघरी मायेने गुळाचा चहा व्हायला लागला. गूळ चालतो, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. आपालाही.

पुढे नांदेडला सोनोग्राफीत तिच्या लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टरांनी समजावलं, शुगर वाढलेली राहिली की लिव्हरात चरबी साठते आणि आतून गंज चढल्यासारखी त्याची झीज होते. गूळही साखरच. वजन उतरवा, शुगर आवरा, अजून सावरता येईल.

आपाने हे आमच्या ओसरीवर सांगितलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "लिव्हर तर पिणाऱ्याचं जातंय. आपा, कधीपास्नं लावली?" बायका खिदळल्या. आपाही हसली. पण तिने दवाखाना सोडला. तिथे गावातलं कुणी बघेल, ही धास्ती. गुळाचा चहाही पुन्हा मुकाट्याने प्यायला लागली, कारण नको म्हटलं तर आजाराचं नाव घ्यावं लागलं असतं. दोन घरं झाली की थकून भिंतीला टेकायची.

नणंदेच्या लग्नात ती चुडा भरायला आली. अंगण बायकांनी भरलेलं. आत्याबाईंनी गुळाचा चहा पुढे केला. आपाने कप बाजूला सारला. नवरीचा हात तिच्या हातातच होता.

"ऐका गं समद्या. म्या थेंबभर बी दारू पेलेली न्हाई. शुगरवाल्यांना हे होतंय. अशी लाजत बसले तर मरून जाईन, आन् तुमी मय्यतीला येऊन बी गुळाचाच चहा मागाल!"

हसावं की नाही, कुणाला कळेना. आत्याबाईच आधी हसल्या. आत जाऊन बिनगुळाचा कोरा चहा घेऊन आल्या. "घ्या आपा, कडू हाय."

"असू दे. तुमच्या बोलण्याहून गोड हाय."

त्यानंतर आपा उजळ माथ्याने दवाखान्यात जायला लागली. रोज चालून वजन उतरवलं, लिव्हरवरची चरबी कमी झाली. आता ती लातूरला लेकीकडे असते.

यंदा मलाही तेच निघालं, आधी शुगर, मग लिव्हरवर चरबी. नांदेडच्या दवाखान्यात नर्सने सगळ्यांसमोर 'फॅटी लिव्हर' म्हणून माझं नाव पुकारलं. बाकावरचा एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "आता बाया बी प्यायला लागल्या."

मी त्याच्याकडे वळले. "दादा, मी पीत नाही. शुगरमुळे झालंय. बरी व्हायला आलेय."

माझ्या मागची बाई माझा पदर ओढून हळूच म्हणाली, "ताई, माझं बी तेच हाय. घरात कुणाला सांगितलं न्हाई."

"आज सांगा," मी म्हटलं.