तपकिरी दिसलं की थांबायचं

माझ्या नवऱ्याला लाल, हिरवा आणि तपकिरी हे रंग नीट ओळखता येत नाहीत. लग्न ठरायच्या आधी आम्ही दोघंच फिरायला गेलो होतो, तेव्हा त्यानं स्वतःहून सांगितलं होतं. त्याला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. सगळी तयारी झाली, आणि मेडिकलला ठिपक्यांच्या चित्रातला आकडा काही दिसला नाही. मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मग आयर्लंड. मी म्हटलं, असू दे, माझ्या साड्या मीच निवडीन. तिथं तो विषय संपला. त्याच्या मोज्यांच्या जोड्या मी लावते, केळी पिकलीत की नाही ते मी सांगते. आमच्या मुलीला मात्र यातलं काही माहीत नव्हतं, कारण तिला कळू नये अशी त्याची इच्छा होती.

मुलीच्या लेखी तो कॅप्टन होता. आयर्लंडमध्ये डंडॉकला राहायला आल्यावर त्यानं कार्लिंगफर्डच्या खाडीत शिडाची बोट चालवायचं शिकून घेतलं. मुलगी जरा मोठी झाली तशी तिलाही न्यायला लागला. शनिवारी बापलेक भिजून कुडकुडत परत येत आणि मी गाडीत हीटर लावून थर्मासातला चहा पीत बसलेली असे. रंगांवाचून तिथं कधी अडलं नाही. खाडीतल्या, वाट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या तरंगत्या खुणा आकारावरूनही ओळखता येतात, आणि रात्री बोट घेऊन जायचं तो टाळायचा. का, ते मला माहीत होतं: अंधारात आकार दिसत नाहीत, नुसते लाल-हिरवे दिवे. मुलीला वाटायचं, बाबांना लवकर झोप येते.

प्रशांत महासागरातली, ताहितीच्या बाजूची बेटं त्याच्या डोक्यात कित्येक वर्षं होती. गेल्या उन्हाळ्यात, मुलगी कॉलेजला जाण्याआधी, आम्ही अखेर गेलो. नातेवाइकांनी विचारलं, समुद्रच बघायचा तर गोवा काय वाईट? मला ते पटलं होतं, पण माझं ऐकतो कोण. तीन विमानं बदलून रायाटेआ बेटावर पोचलो तेव्हा माझे पाय खांबासारखे सुजले होते.

बोट भाड्यानं देणाऱ्या बाईंनी नकाशा पसरला. या बेटांभोवती कोरलच्या खडकांचं कडं असतं, आत शांत पाणी. बाहेरच्या खुणा ठीक आहेत, पण आत नकाशावर विसंबू नका, असं त्या म्हणाल्या. ऊन डोक्यावर असताना हळू चालवायचं, एकानं बोटीच्या पुढच्या टोकावर उभं राहून पाण्याचा रंग बघायचा. निळं असेल तर बिनधास्त जा. हिरवट असेल तर जपून. तपकिरी दिसलं की थांबायचं, तो खडक. मी नवऱ्याकडे पाहिलं तर हा शांतपणे मान डोलावत होता. त्याला हे सगळं आधीच ठाऊक होतं, म्हणूनच पुढच्या टोकाची कामगिरी त्यानं घरीच माझ्या गळ्यात मारली होती.

तेव्हा मी टोपी बांधून पुढे उभी, आणि तो मागे सुकाणूवर. बोलायचं नाही, नुसता हात करायचा, असं आमचं ठरलं होतं. माझ्यासारख्या बाईला तासभर तोंड मिटून उभं करणं ही शिक्षाच, पण जमलं. पाणी मात्र खरोखर बघण्यासारखं. तसा हिरवा-निळा रंग मी फक्त पैठणीत पाहिला होता. सकाळी चहाचा कप घेऊन मी आणि मुलगी बाहेर यायचो आणि बराच वेळ पाण्याकडेच बघत बसायचो.

मग हुआहिने बेटावरून परतताना खुल्या समुद्रात मी आडवी झाले. अशा उलट्या मला बाळंतपणातही झाल्या नव्हत्या. ताहा बेटाभोवतीच्या कोरलच्या कड्यातून आत आलो तरी मला उठवेना. मुलगी म्हणाली, मी जाते पुढे. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली, पण कारण कसं सांगणार?

ती पुढे गेली आणि हात करायच्या ऐवजी बोलायला लागली. हिरव्या पट्ट्याला वळसा घालून पुढच्या दोन तपकिरी डागांच्या मधून घे, असं तिनं इंग्रजीत ओरडून सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, कुठले दोन? ती म्हणाली, "बाबा, दे आर राइट देअर!" बोट हळूहळू पुढे सरकत होती. वारा मागून होता. मी खाली पडल्या पडल्या त्याचे पाय बघत होते. अंदाजानं घेईल की काय, या भीतीनं माझी मळमळ पार पळाली. पुढच्या टोकावर, कठड्याला नुसता एक हात धरून, आमची एकुलती एक मुलगी उभी होती.

त्यानं इंजिन रिव्हर्समध्ये टाकून बोट थोपवली आणि मोठ्यानं म्हणाला, "मला तपकिरी रंग दिसत नाही. कधीच दिसला नाही. नुसता हात कर."

ती वळून बघत राहिली. मग तिनं अख्खा हात डावीकडे केला, मग सरळ, आणि आम्ही आत जाऊन नांगर टाकला.

दुपारी तिनं विचारायला सुरुवात केली. ट्रॅफिकचा सिग्नल कसा कळतो? मर्चंट नेव्हीचं काय झालं? त्यानं सगळं सांगितलं, अगदी त्या ठिपक्यांच्या चित्रासकट. ती चिडली नव्हती, पण तिचे डोळे भरले होते. शेवटी तिनं विचारलं, मग हे आत्ताचं पाणी तुला कसं दिसतं?

"खोल असेल तिथं निळं," तो म्हणाला. "हे इथलं, तुम्ही ज्याचे फोटो काढता ते, राखाडी. आपल्या कार्लिंगफर्डच्या खाडीसारखं."

माझा तोल गेला. जग ओलांडून, एवढी वर्षं ध्यास घेऊन हा राखाडी पाणी बघायला आला होता? मी म्हटलं, आधी सांगायला काय झालं होतं?

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता," तो म्हणाला. "सकाळी तुम्ही दोघी बाहेर येता ना, आणि पाण्याकडे बघता. ते बघायला मिळावं म्हणून मी तुमच्या आधी उठतो."

मला रडू आलं. मुलगी उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.